डिजिटल कला, ॲनिमेशन आणि गेम डिझाइन : पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग

चित्रकलेची आवड असलेल्या मुलाला ‘पुढे काय करणार’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. काही दशकांपूर्वी त्याचे उत्तर कलाशिक्षक, जाहिरात संस्थेतील नोकरी किंवा फलकरंगवणी एवढ्यापुरते मर्यादित होते. आज त्या उत्तरात डिजिटल कला, ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेम डिझाइन या क्षेत्रांची भर पडली आहे. शासनाच्या धोरणांत या क्षेत्रांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे, नामवंत राष्ट्रीय संस्थांनी त्यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केले आहेत आणि शहरोशहरी खासगी वर्गांच्या जाहिरातीही झळकू लागल्या आहेत. मात्र या गर्दीत पदवी कोणती, प्रमाणपत्र कोणते, कौशल्य कोणते आणि केवळ आश्वासन कोणते, हे ओळखणे विद्यार्थ्यांना व पालकांना कठीण जाते. दोन-अडीच वर्षांचा काळ आणि बहुधा कर्ज काढून उभा केलेला पैसा यात गुंतलेला असतो. त्यामुळे या शिक्षणाचे स्वरूप, संस्था, प्रवेशपद्धती आणि भवितव्य यांची एकत्रित माहिती असणे आवश्यक ठरते.

परंपरा नवी नाही

ॲनिमेशन ही कला संगणकासोबत भारतात आली, असा एक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट काढण्यापूर्वीच रोपाच्या वाढीचे एकेक चित्र ठरावीक अंतराने टिपून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली होती. त्यानंतर १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या हलवून त्यांची एकेक चौकट चित्रित करीत ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट तयार केला. ॲनिमेशनचे मूळ तत्त्व हेच आहे : स्थिर चित्रांच्या मालिकेतून हालचालीचा भास निर्माण करणे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्रपट विभाग सुरू झाला. डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना प्रशिक्षण दिले आणि जातककथेवर आधारित ‘द बनियन डिअर’ हा लघुपट १९५७ मध्ये तयार झाला. याच विभागातून राम मोहन यांच्यासारखे ॲनिमेटर घडले. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. दूरदर्शनच्या प्रेक्षकांच्या एका संपूर्ण पिढीला आठवणारा ‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला होता आणि त्याचे ॲनिमेशन भीमसेन यांनी केले होते. एकत्र येऊन जाळे उचलणाऱ्या पक्ष्यांची ती कथा सांगायला काही मिनिटेच पुरली. तिचा परिणाम मात्र अर्धशतकानंतरही टिकून आहे.

या काळातील कलावंत प्रत्यक्ष काम करता करता शिकले. औपचारिक शिक्षणाची सोय पुढे हळूहळू निर्माण झाली. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तर मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पवईच्या आयआयटीत, औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. आज या दोन्ही ठिकाणी ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते.

तीन शाखा, तीन प्रकारची मने

प्रवेशासाठी अर्ज करण्यापूर्वी या क्षेत्रातील शाखांमधला फरक समजून घेणे हिताचे असते. जाहिरातींत त्यांची नावे एका दमात घेतली जातात. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या वृत्तीची मागणी करतात.

ॲनिमेशन ही प्रामुख्याने कथनाची आणि अभिनयाची कला आहे. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी सेकंदाला १२ चित्रे हवीत. या हिशेबाने दहा मिनिटांच्या हाताने काढलेल्या लघुपटासाठी ७,२०० चित्रे लागू शकतात. संगणकामुळे श्रमांचे स्वरूप बदलले, तरी पात्र कधी थबकेल, त्याच्या खांद्यातून थकवा कसा दिसेल, उडी मारण्याआधी ते किती वाकेल, हे ठरवणारी दृष्टी माणसाचीच असते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या ॲनिमेटरांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलेली ॲनिमेशनची बारा तत्त्वे आजही जगभरच्या वर्गांत शिकवली जातात, त्याचे कारण हेच आहे.

गेम डिझाइन ही नियमांची रचना आहे. चित्रपटाचा प्रेक्षक पाहतो, तर खेळाचा खेळाडू निर्णय घेतो. त्याने घेतलेल्या प्रत्येक निर्णयाला खेळाने अर्थपूर्ण प्रतिसाद द्यावा लागतो. रॉबिन हुनिकी, मार्क लेब्लांक आणि रॉबर्ट झुबेक यांनी २००४ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार रचनाकार नियम तयार करतो, नियमांतून खेळाची गतिमानता निर्माण होते आणि त्या गतिमानतेतून खेळाडूला अनुभव मिळतो. खेळाडूचा प्रवास नेमका उलट दिशेने होतो. त्याला आधी अनुभव येतो, नियम नंतर उमगतात. गेम डिझाइनच्या विद्यार्थ्याला सुंदर चित्र काढता आले नाही तरी चालते, पण कागदाचे तुकडे आणि फासे घेऊन खेळ मांडणे, तो इतरांना खेळायला देणे, ते कुठे अडतात हे शांतपणे पाहणे आणि नियम बदलणे, ही चिकाटी त्याच्याकडे असावीच लागते.

तांत्रिकदृष्ट्याही दोहोंत मोठे अंतर आहे. ॲनिमेशनपटाच्या एका चौकटीची अंतिम प्रतिमा तयार करण्यास संगणकाने कित्येक तास घेतले, तरी प्रेक्षकाला ते जाणवत नाही. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या खेळात मात्र प्रत्येक प्रतिमा सेकंदाच्या साठाव्या भागात तयार व्हावी लागते. म्हणून गेमसाठी काम करणाऱ्या चित्रकाराला सौंदर्याबरोबर काटकसरही शिकावी लागते.

डिजिटल कला ही तिसरी शाखा अधिक व्यापक आहे. संगणकीय चित्र, परस्परसंवादी मांडणशिल्प, आभासी वास्तव, माहितीचे दृश्यरूप, ध्वनी व प्रकाश यांचे प्रयोग असे अनेक विषय तिच्यात येतात. येथे नोकरीचे पद आधीच ठरलेले नसते. विद्यार्थ्याला संग्रहालये, रंगभूमी, संशोधन संस्था किंवा स्वतंत्र कलाव्यवहार यांतून आपली जागा घडवावी लागते.

देशातील प्रमुख संस्था

राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या अहमदाबाद येथील मुख्य संकुलात ॲनिमेशन फिल्म डिझाइन हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम संस्थेच्या बंगळुरू संकुलाशी जोडलेला आहे. संसदेने २०१४ मध्ये केलेल्या कायद्यान्वये या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

पवई येथील आयआयटीचे औद्योगिक डिझाइन केंद्र आता ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’ या नावाने ओळखले जाते. तेथे ॲनिमेशन, संवाद डिझाइन आणि परस्परक्रिया डिझाइन या विषयांत दोन वर्षांची ‘मास्टर ऑफ डिझाइन’ ही पदवी घेता येते. तेथील प्राध्यापकांचे स्वतःचे कलाकार्य ही या संस्थेची खरी ओळख आहे. शिल्पा रानडे यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा ॲनिमेशनपट २०१३ मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवण्यात आला. नीना सबनानी यांच्या ‘हम चित्र बनाते हैं’ या लघुपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भिल्ल चित्रपरंपरेतील कथेवर तो आधारलेला आहे.

गुवाहाटी, दिल्ली, कानपूर, हैदराबाद येथील आयआयटी आणि जबलपूर येथील भारतीय माहिती तंत्रज्ञान, डिझाइन व उत्पादन संस्था याही डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण देतात. मात्र प्रत्येक ठिकाणी ॲनिमेशन किंवा गेम हा स्वतंत्र विषय असेलच असे नाही. काही ठिकाणी तो व्यापक अभ्यासक्रमातील एक घटक असतो. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचा अभ्यासक्रम वाचून घ्यावा.

चित्रपटाच्या अंगाने ॲनिमेशनकडे पाहणाऱ्यांसाठी कोलकाता येथील सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत ॲनिमेशन सिनेमाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तेथे पटकथा, ध्वनी, संकलन आणि छायाचित्रण यांच्या विद्यार्थ्यांसोबत वावरण्याची संधी मिळते, हा मोठा लाभ आहे.

या यादीत मुंबईच्या एका नव्या संस्थेची भर पडली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव या क्षेत्रांसाठी राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापन करण्यास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ या नावाने ही संस्था आकारास आली. पेडर रोडवरील राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या परिसरातील तिच्या पहिल्या संकुलाचे उद्घाटन जुलै २०२५ मध्ये झाले. गोरेगावच्या चित्रनगरीत तिचे विस्तृत संकुल उभारण्याचे नियोजन आहे. नवी संस्था निवडताना तेथील अध्यापकवर्ग, प्रयोगशाळा आणि पदवी देण्याची व्यवस्था यांची चौकशी करणे, हा सावध विद्यार्थ्याचा पहिला धर्म ठरतो.

मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालयाची परंपरा १८५७ पासूनची आहे. ज. जी. समूहातील कला, वास्तुकला व उपयोजित कला या संस्थांना मिळून २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. उपयोजित कलेचे शिक्षण येथेच घेतलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट २००६ मध्ये कान येथे गौरवला गेला आणि त्यांचा ‘बॉम्बे रोझ’ हा दीर्घपट २०१९ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. ॲनिमेशनची स्वतंत्र पदवी नसतानाही चित्रकलेचा भक्कम पाया किती दूरवर नेतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

प्रवेशपरीक्षा : ‘सीड’ आणि ‘डॅट’

आयआयटी आणि अन्य अनेक संस्थांतील पदव्युत्तर डिझाइन अभ्यासक्रमांसाठी ‘सीड’ ही सामायिक परीक्षा घेतली जाते. तिचे आयोजन मुंबईची आयआयटी करते आणि ती साधारणतः जानेवारी महिन्यात होते. बारावीनंतर किमान तीन वर्षांचा पदवी किंवा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केलेले, तसेच त्याच्या अंतिम वर्षात असलेले विद्यार्थी तिला बसू शकतात. पदवी कोणत्याही शाखेची चालते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही हे दार खुले आहे. वयाची अट नाही आणि परीक्षा कितीही वेळा देता येते. मिळालेले गुण एका वर्षापुरतेच ग्राह्य धरले जातात.

परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला भाग संगणकावर सोडवायचा असून त्यात अवकाशीय आकलन, निरीक्षण, तर्कशक्ती, भाषा आणि परिसराविषयीची जाण तपासली जाते. दुसऱ्या भागात रेखाटन, सर्जनशीलता, संवादकौशल्य आणि समस्या सोडवण्याची क्षमता पाहिली जाते. पहिल्या भागातील गुणांवरून निवडयादी तयार होते आणि अंतिम गुणांत दुसऱ्या भागाला अधिक महत्त्व असते. त्यानंतर प्रत्येक संस्था आपापल्या पद्धतीने कलचाचणी व मुलाखत घेते. ‘सीड’मध्ये उत्तीर्ण होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, हे लक्षात ठेवावे.

राष्ट्रीय डिझाइन संस्थेची ‘डॅट’ ही परीक्षा स्वतंत्र आहे. तिची पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा असे दोन टप्पे असून पदव्युत्तर पातळीवर विषयनिहाय निवड होते. या परीक्षांचे अर्ज बहुधा आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात भरून घेतले जातात. पदवीच्या अंतिम वर्षाचा निकाल लागेपर्यंत थांबणाऱ्यांचे वर्ष वाया जाते. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने घडते.

निवड ठरवणारा कामाचा संग्रह

मुलाखतीत विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेपेक्षा त्याच्या कामाच्या संग्रहाकडे, म्हणजेच पोर्टफोलिओकडे, अधिक लक्ष दिले जाते. या संग्रहाविषयी काही गैरसमज रूढ आहेत. प्रसिद्ध पात्रांच्या हुबेहूब नकला किंवा सॉफ्टवेअरच्या तयार नमुन्यांवरून केलेली चकचकीत दृश्ये परीक्षकांना प्रभावित करत नाहीत. त्यांना पाहायचे असते ते निरीक्षण. एसटी स्थानकावर वाट पाहणारी माणसे, आठवडी बाजारातील तराजू धरलेला हात, गोठ्यातील जनावराची उठण्याची पद्धत अशा प्रत्यक्ष पाहून केलेल्या रेखाटनांची वही अनेकदा महागड्या छापील संग्रहापेक्षा मोलाची ठरते.

संग्रहात मोजकी, पण पूर्ण झालेली कामे असावीत. प्रत्येक कामासोबत त्याचा विचार कसा सुरू झाला, कोणते पर्याय टाकून दिले आणि का, हे दाखवणारी कच्ची पाने जोडावीत. सांघिक कामात स्वतःचा वाटा कोणता, हे प्रामाणिकपणे लिहावे. गेम डिझाइनसाठी अर्ज करणाऱ्याने एखादा छोटा खेळ पूर्णत्वास नेलेला असावा. तो कागदावरचा असला तरी हरकत नाही. ज्ञानचौपड किंवा मोक्षपट या आपल्याकडच्या पटखेळांतूनच जगभर पोहोचलेली सापशिडी घडली, याचा विचार केला तर नियम आणि आशय यांचे नाते समजण्यासाठी संगणक अपरिहार्य नाही, हे पटते.

साधनांचा खर्च हा पूर्वी मोठा अडसर होता. आता परिस्थिती बरीच पालटली आहे. ‘ब्लेंडर’ हे त्रिमितीय निर्मितीचे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध आहे. ‘फ्लो’ हा लाटव्हियातील दिग्दर्शकाचा चित्रपट त्यावर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला. चित्रांसाठी ‘क्रिटा’ आणि खेळांच्या निर्मितीसाठी ‘गोडो’ ही साधनेही विनामूल्य आहेत. साधा संगणक आणि शिकण्याची तयारी यांवर सुरुवात करता येते.

परदेशातील पर्याय

गेम या विषयाला विद्यापीठीय मान्यता मिळून आता बराच काळ लोटला आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथील ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये संगणकीय खेळांची पदवी सुरू केली. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे मनोरंजन तंत्रज्ञान केंद्र १९९८ मध्ये स्थापन झाले. तेथे कलावंत आणि अभियंते एकत्र गट करून प्रकल्प करतात. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ येथेही गेम डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. ॲनिमेशनसाठी पॅरिसची गोब्लँ ही संस्था आणि ब्रिटनचे राष्ट्रीय चित्रपट व दूरचित्रवाणी विद्यालय यांचा लौकिक आहे.

परदेशी शिक्षणाचा खर्च मोठा असतो आणि शिक्षणानंतर तेथे काम करण्याच्या परवान्याचे नियम वारंवार बदलतात. त्यामुळे ‘तिकडेच नोकरी मिळेल आणि कर्ज फिटेल’ या गृहीतावर कर्ज काढणे धोक्याचे आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अशा योजना आहेत. मात्र आपला विषय व विद्यापीठ त्या वर्षीच्या निकषांत बसतात का, हे अर्जापूर्वी तपासावे.

रोजगार : संधी आणि अनिश्चितता

या क्षेत्राच्या वाढीविषयी आशादायक बोलले जाते आणि ते निराधार नाही. केंद्राने २०२२ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कृतिदल जाहीर केले आणि त्याने त्याच वर्षी अहवाल सादर केला. कर्नाटकाने २०१२ मध्येच स्वतंत्र धोरण आखले होते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये या क्षेत्रासाठीच्या धोरणाला मान्यता दिली. वि. जी. सामंत दिग्दर्शित ‘हनुमान’ हा २००५ चा ॲनिमेशनपट आणि २०२५ मधील ‘महावतार नरसिंह’ यांनी देशी प्रेक्षक अशा चित्रपटांसाठी तिकीट काढतो, हे दाखवून दिले. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने तयार केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रकाशित झाला आणि भारतीय कथा व स्थापत्य यांवर आधारित खेळ म्हणून जगभर चर्चिला गेला. नवी मुंबईतून निघालेला ‘लुडो किंग’ हा खेळ तर घराघरांत पोहोचला.

तथापि, नाण्याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यासमोर ठेवली पाहिजे. भारतातील ॲनिमेशन आणि दृश्यपरिणामांच्या कामाचा मोठा भाग परदेशी निर्मात्यांकडून येतो. परदेशातील कंपनी कोसळली की येथील कलाकार उघड्यावर पडतो. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाला २०१३ मध्ये दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, तेव्हा ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. तिचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबाद येथेही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा आंतरराष्ट्रीय समूह बंद पडला आणि त्याच्या भारतातील शाखांत काम करणाऱ्या हजारो कलाकारांवर एकाएकी बेकारी ओढवली. यांपैकी कोणाच्याही कौशल्यात उणीव नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या अनिश्चिततेत भर घातली आहे. दोन मुख्य चित्रांमधील मधली चित्रे काढणे, पार्श्वभूमी रंगवणे, कडा स्वच्छ करणे ही कामे नवशिक्या कलाकाराची पहिली पायरी असत. तीच कामे यंत्राकडे सर्वप्रथम जात आहेत. अशा वेळी केवळ एका सॉफ्टवेअरची कळ दाबायला शिकवणारे प्रशिक्षण अल्पायुषी ठरते. कथा कोणती सांगायची, पात्र असे का वागते, खेळाडूला कोणत्या पेचात टाकायचे, हे ठरवण्याची क्षमता मात्र टिकून राहते. चांगल्या पदव्युत्तर शिक्षणाचे प्रयोजन हीच क्षमता घडवणे हे आहे.

खेळांच्या बाबतीत आणखी एक भेद स्पष्ट असावा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. त्यानुसार पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करण्यात आली, तर ई-क्रीडा आणि पैशाविना खेळले जाणारे सामाजिक व शैक्षणिक खेळ यांना प्रोत्साहन देण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. ‘गेम’ म्हणजे जुगार, ही पालकांच्या मनातील भीती म्हणूनच गेम डिझाइनच्या शिक्षणाला लागू पडत नाही.

संस्था निवडताना घ्यावयाची दक्षता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. एखादा खासगी वर्ग ‘मास्टर्स’ हा शब्द जाहिरातीत वापरत असेल, तर ती पदवी कोणत्या विद्यापीठाची, हे लेखी विचारावे. आयोग आपल्या संकेतस्थळावर बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी. प्रमाणपत्र अभ्यासक्रम निरुपयोगी असतो असे नाही. उद्योगात कामाला किंमत आहे आणि अनेक उत्तम कलावंतांकडे पदवी नाही. मात्र पुढे अध्यापन, संशोधन किंवा शासकीय सेवा करावयाची असल्यास मान्यताप्राप्त पदवीवाचून अडते.

प्रवेश घेण्यापूर्वी पुढील बाबींची खातरजमा करावी :

- अध्यापकांची स्वतःची कामे कोणती? ती पाहायला मिळतात का?
- मागील दोन-तीन वर्षांतील विद्यार्थ्यांचे अंतिम प्रकल्प उपलब्ध आहेत का?
- ‘शंभर टक्के नोकरी’ असे आश्वासन असल्यास कोणत्या पदावर, कोणत्या वेतनावर आणि किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली?
- शुल्क हप्त्यांत भरता येते का आणि मध्येच अभ्यासक्रम सोडल्यास परतावा मिळतो का?
- विद्यार्थ्याने केलेल्या लघुपटाचे वा खेळाचे हक्क कोणाकडे राहतात?

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालकाकडे जातो. विद्यार्थ्याच्या कामाबाबत संस्थेचे स्वतःचे नियम असतात. आपण घडवलेले पात्र उद्या आपलेच राहील की नाही, हे प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या एखाद्या कागदावर अवलंबून असू शकते. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

आपल्या कथा, आपली भाषा

पदव्युत्तर शिक्षणाचे माध्यम बहुतांश ठिकाणी इंग्रजी असल्याने मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात न्यूनगंड निर्माण होतो. तो अनाठायी आहे. या क्षेत्रात भाषेआधी चित्र बोलते आणि आपल्या परिसराचे ज्ञान हेच भांडवल ठरते. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. एकामागून एक चित्रे दाखवत, वाद्यांच्या साथीने कथा सांगणारे हे कलावंत ॲनिमेशनचे जुने सोयरेच होत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. दिल्ली, बडोदा, इंदूर वा बंगळुरूत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याकडे तर दोन-दोन भाषांतील कथा असतात.

हे शिक्षण प्रत्येकासाठी नाही. दीर्घकाळ एकाच कामाशी बसण्याची सवय, टीका ऐकून पुन्हा आरंभ करण्याची तयारी आणि उत्पन्नातील चढउतार सोसण्याची कुटुंबाची क्षमता या तिन्हींचा विचार करूनच निर्णय घ्यावा. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी सहा महिने विनामूल्य साधनांवर, कोणाच्याही मदतीविना, एक मिनिटाचा लघुपट किंवा एक छोटा खेळ पूर्ण करून पाहावा. तो पूर्ण झाला आणि दुसरा करावासा वाटला, तर पुढच्या दोन वर्षांसाठी पाऊल उचलायला हरकत नाही. तो अर्धवट राहिला, तरी त्या सहा महिन्यांत काहीच गमावलेले नसते. कर्जाच्या पहिल्या हप्त्यापूर्वी स्वतःची ओळख पटणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे.